काय कमी केलं होतं तिला?

घंटा बघायची राहिलीच. फिलाडेल्फियापर्यंत जाऊन लिबर्टी बेल न बघता परत आलेली तुम्ही एकट्याच, असं जावई मला अजून चिडवतात. झालं असं की रांग लांबलचक, पुढे सामानाची तपासणी, नातू भुकेनं रडायला लागलेला आणि माझा उजवा गुडघा सकाळपासून कुरकुरत होता. लेक म्हणाली, "आई, तू इथंच टेक. आम्ही पटकन बघून येतो." मी नातवाची बाबागाडी आणि दशम्यांचा डबा सांभाळत टेकले.

२०१८ सालचा ऑक्टोबर होता. लेकीच्या बाळंतपणासाठी मी मे महिन्यात न्यू जर्सीला आले होते. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं पासपोर्टवर नोव्हेंबरची तारीख घातली होती, सहा महिने. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांना या सहा महिन्यांबद्दल वेगळं सांगायला नको. संध्याकाळी बागेत चार मराठी आज्या भेटल्या की पहिला प्रश्न "कुठल्या तुम्ही?" आणि दुसरा "कधीपर्यंत आहात?" मी बँकेत बत्तीस वर्षं लेजरं लिहिली, त्यामुळे मुदत आणि शिल्लक दिवस हा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप चालू असतो. त्या दिवशी माझे सव्वीस दिवस उरले होते.

जिथं टेकले होते ती जागा आधी मला अर्धवट सोडलेलं बांधकाम वाटली. विटांच्या बुटक्या भिंती, खिडक्यादारांच्या नुसत्या चौकटी, मध्येच एखादी शेगडीची कमान, आणि डोक्यावर छप्पर नाही, नुसतं आभाळ. एका ठिकाणी जाड काच होती. वाकून बघितलं तर खाली जुन्या घराचा दगडविटांचा पाया. स्वयंपाकघर इथं होतं, इथून तळघरातली वाट जायची, असं लिहिलेलं. शेजारी काळसर दगडी भिंतीवर नऊ नावं कोरलेली. मला वाटलं युद्धात पडलेले सैनिक असतील. आपल्याकडे भिंतीवर नावं म्हणजे बहुधा तेच.

ते राष्ट्राध्यक्षांचं घर होतं. व्हाइट हाउस बांधून व्हायच्या आधी, १७९० ते १८०० अशी दहा वर्षं देशाची राजधानी फिलाडेल्फियात होती. हाय स्ट्रीटवरच्या, म्हणजे आताच्या मार्केट स्ट्रीटवरच्या या भाड्याच्या घरात आधी जॉर्ज वॉशिंग्टन राहिले, मग जॉन अ‍ॅडम्स. १८३२ मध्ये घर पाडलं, दुकानं आली, दुकानं गेली. मधली कित्येक वर्षं इथं सार्वजनिक स्वच्छतागृह होतं म्हणे! २००७ मध्ये उकरलं तेव्हा पाया सापडला, आणि २०१० च्या डिसेंबरात हे स्मारक उघडलं. भिंतीवरची नऊ नावं सैनिकांची नाहीत. वॉशिंग्टननी व्हर्जिनियातल्या माउंट व्हर्ननच्या मळ्यावरून या घरात आणलेल्या गुलामांची आहेत. घंटा बघायची रांग त्यांच्या अंगणावरूनच पुढे सरकत होती.

त्या नावांत एक होतं ओनी जज. शेजारच्या फलकावर १७९६ सालच्या मे महिन्यातली एक जाहिरात छापली होती. माझं इंग्रजी बँकेपुरतं, पण जाहिरात कळण्यासारखी होती. राष्ट्राध्यक्षांच्या घरातून ओनी जज ही मुलगी पळून गेली आहे. उजळ रंग, चेहऱ्यावर पुष्कळ तीळ, डोळे काळेभोर, केस काळे आणि दाट, मध्यम उंची, अंगानं सडपातळ, वय सुमारे वीस. जवळ तऱ्हेतऱ्हेचे चांगले कपडे आहेत. आणून देणाऱ्यास दहा डॉलर. मधल्या एका वाक्यावर मी थांबले. ती जाईल अशी कोणाला शंका नव्हती, आणि जावं असं काही कारणही घडलं नव्हतं, त्यामुळे ती कुठं गेली असेल याचा तर्क करता येत नाही.

जाहिरात घरच्या कारभाऱ्याच्या सहीनं होती. मला मात्र माझ्या आईचा आवाज ऐकू आला. "काय कमी केलं होतं गं तिला?"

आमच्या साताऱ्याच्या घरी एक मुलगी होती. १९७४ ची गोष्ट, मी नऊ वर्षांची, ताई सोळाची आणि ती असेल तेरा-चौदाची. कोयनेकडच्या कुठल्याशा वाडीतून तिच्या मामानं आणून सोडली होती. तिचं नाव नेमकं आमच्या आजीचंच. सासूच्या नावानं कामाच्या पोरीला हाका कशा मारायच्या, म्हणून आईनं तिला "बाळे" म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. बाळे धुणं धुवायची, माझ्या वेण्या घालायची, आजीचे पाय चेपायची. दिवाळीला तिला आमच्याच ताग्यातलं परकर-पोलकं शिवायचं. जेवायला आमच्यातलंच, फक्त आमचं झाल्यावर. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "पोरीसारखी ठेवलीय." पगार मामा घेऊन जायचा.

एके दिवशी बाळे गेली. दुपारी सगळे जेवून आडवे झालेले असताना गेली. संध्याकाळी आईच्या लक्षात आलं की ताईची नवी निळी स्लीपरही नाही. मग कोणी म्हणालं चोरटी निघाली, कोणी म्हणालं कुणाच्या तरी नादी लागली असेल. आईचं एकच पालुपद, पुढे कित्येक वर्षं, बाळेचा विषय निघाला की. काय कमी केलं होतं तिला.

लेक घंटा बघून आली. मी म्हटलं, मला अजून थोडं थांबायचंय. रात्री नातू झोपल्यावर लेकीच्या संगणकावर आम्ही दोघी ओनाचं वाचत बसलो, आणि नंतरही कितीतरी रात्री मी तेच वाचत होते. त्या घरात सगळे तिला ओनी म्हणायचे, पण नाव ओना मारिया. म्हणून मी पुढे ओनाच लिहिते.

ओनाची आई बेट्टी माउंट व्हर्ननवर शिवणकाम करायची. बाप अँड्र्यू जज हा गोरा इंग्रज शिंपी, काही वर्षांच्या करारानं राबायला आलेला. करार संपला, तो मोकळा होऊन गेला. लेक मोकळी होण्याचा प्रश्न नव्हता, कारण व्हर्जिनियाचा कायदा १६६२ पासून सांगत होता की मूल आईच्या वळणावर जाणार. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणी का असेना. बेट्टी तरी वॉशिंग्टनची कुठं होती? मार्था वॉशिंग्टन पहिल्या नवऱ्याची विधवा. तिच्या वाट्याला आलेल्या इस्टेटीत बेट्टी होती, म्हणून ओनाही. ही माणसं पुढे मार्थाच्या नातवंडांकडे जायची होती. माणसांची ही अशी खतावणी वाचताना मला बँकेतली तारण मालमत्तेची रजिस्टरं आठवली, आणि आठवल्याची लाज वाटली.

दहा वर्षांची असताना ओना मोठ्या घरात आली. सुई चालवण्यात आईसारखीच तयार झाली, मार्थाची खास दासी झाली. केस विंचरायचे, कपडे काढून ठेवायचे, भेटीगाठींना मागे बसून जायचं. पंधरा-सोळाव्या वर्षी न्यू यॉर्क, पुढच्या वर्षी फिलाडेल्फिया. घरच्या जमाखर्चात तिच्या बुटांचे, मोज्यांचे पैसे आहेत. एकदा तर तिला आणि बरोबरच्या दोघांना नाटक बघायला पैसे दिल्याची नोंद आहे. म्हणजे कमी काही केलंच नव्हतं!

आता ते सहा महिने.

पेन्सिल्व्हेनियानं १७८० मध्येच गुलामगिरी हळूहळू संपवणारा कायदा केला होता. त्यात एक कलम असं की बाहेरच्या राज्यातला कोणी इथं येऊन राहिला आणि त्याचा गुलाम सलग सहा महिने या भूमीवर राहिला, तर त्या गुलामाला स्वातंत्र्य मागता येईल. काँग्रेसच्या सदस्यांना सूट होती. राष्ट्राध्यक्ष हे पद कायदा झाला तेव्हा जन्मलंच नव्हतं. १७९१ च्या वसंतात अ‍ॅटर्नी जनरल एडमंड रँडॉल्फ यांच्या गुलामांनी हा हक्क बजावला, आणि रँडॉल्फनी येऊन वॉशिंग्टनच्या घरी सावध केलं. वॉशिंग्टन तेव्हा दक्षिणेच्या दौऱ्यावर होते. त्यांनी १२ एप्रिल १७९१ ला आपला चिटणीस टोबायस लियर याला लिहिलेलं पत्र आज कोणालाही वाचता येतं. गुलामांना मुदत भरायच्या आत व्हर्जिनियाला पाठवावं, पण ते असा बहाणा करून की त्यांनाही कळू नये आणि लोकांनाही.

महिन्याभरात मार्था ओनाला घेऊन ट्रेंटनला जाऊन आली. ट्रेंटन म्हणजे डेलावेअर नदीच्या पलीकडे, न्यू जर्सीत. नदी ओलांडली की मोजणी मोडली, परत आलं की पहिल्यापासून एक, दोन, तीन. असं राज्याबाहेर नेऊन मुदत तोडायला १७८८ च्या दुरुस्तीनं बंदी घातली होती, तरी हे वर्षानुवर्षं चाललं. मी रोज कॅलेंडरवर फुल्या मारत होते ते परत जायचं म्हणून, आणि माझं घर तिकडे सातारला कुलूप लावून माझी वाट बघत होतं. तुलना होत नाही, ठाऊक आहे. पण चेरी हिलहून फिलाडेल्फियाला जाणारी गाडी पुलावर चढली, खाली डेलावेअरचं मातकट पाणी दिसलं, की मला दरवेळी ट्रेंटनला निघालेली ओना आठवायची. तिला कळलं असेल का, आपण सहलीला का चाललोय ते?

माझ्या मते कळलंच असेल. शहर लहान होतं आणि त्यात मोकळी काळी माणसं पुष्कळ होती. त्या घरापासून सहाव्या रस्त्यानं पंधरा मिनिटं चाललं की रिचर्ड अ‍ॅलनचं चर्च, १७९४ मध्ये उभं राहिलेलं. अ‍ॅलन स्वतः एके काळी गुलाम होता आणि पैसे भरून सुटला होता. बाजारात भाजी घेताना, चोळीला काठ आणताना ओना या माणसांना भेटत होती. उलट घरात बसून वॉशिंग्टननी १७९३ च्या फेब्रुवारीत ज्या कायद्यावर सही केली, त्यानं पळालेल्या गुलामाला कुठल्याही राज्यातून धरून आणायचा हक्क मालकाला दिला. एका घरात दोन बातम्या. एक वरच्या मजल्यावरची, एक मागच्या दाराची.

मग लग्न निघालं. मार्थाची थोरली नात एलायझा कस्टिस हिनं १७९६ च्या मार्चमध्ये टॉमस लॉ नावाच्या इंग्रजाशी लग्न केलं. ती एकोणीस वर्षांची, तो एकोणचाळीसचा. आणि हा लॉ कोण? ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस, बिहारमधल्या गयेचा कलेक्टर राहिलेला. जमीनमहसूल कायमचा ठरवून द्यावा असा आग्रह धरणाऱ्यांत तो होता, आणि ती कायमधारा पद्धत १७९३ मध्ये बंगालला लावली कॉर्नवॉलिसनं. हाच कॉर्नवॉलिस १७८१ मध्ये यॉर्कटाउनला वॉशिंग्टनपुढे शरण आला होता. शरणागतीच्या दिवशी तब्येतीचं कारण सांगून स्वतः आला नाही, हाताखालच्याला पाठवलं. तिकडे हरलेला माणूस पाच वर्षांत इकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला, आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध त्याच्या बाजूला आपले हरिपंत फडके उभे होते. शाळेत ही दोन प्रकरणं आम्हाला दोन वेगळ्या वर्षी शिकवली, त्यामुळे माणूस एकच आहे हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. लॉ अमेरिकेत आला तेव्हा हिंदुस्थानी आईच्या पोटी झालेले त्याचे मुलगे होते, आणि त्यांना तो तिकडे घेऊन आला होता. त्या आईविषयी मी शोध शोध शोधलं.

तर या एलायझाला आजीकडून आहेर म्हणून ओना द्यायची ठरली. नंतर म्हातारपणी ओनानं सांगितलं की तिची गुलाम व्हायचं नाही हे मी ठरवलं होतं.

२१ मे १७९६, शनिवार. उन्हाळ्यासाठी माउंट व्हर्ननला जायची बांधाबांध चालू होती. ते व्हर्जिनियाला जायला सामान बांधत होते, तशी मीही बांधत होते, कुठं जायचं ते मला ठाऊक नव्हतं, असं ती म्हणते. व्हर्जिनियात परत गेलं तर कधीच सुटका नाही एवढं ठाऊक होतं. कपडे आधीच शहरातल्या ओळखीच्या काळ्या माणसांकडे पोचवले होते. घरची मंडळी जेवायला बसली, आणि ती दारातून बाहेर पडली.

आमची बाळे जेवणं झाल्यावर गेली. तेवढाच फरक.

'नॅन्सी' नावाच्या गलबतातून ती उत्तरेला न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला पोचली. तिथं रस्त्यात तिला सिनेटर लँग्डन यांच्या लेकीनं ओळखलं, वॉशिंग्टनच्या घरी जाणंयेणं होतं म्हणून. बातमी फिरत फिरत फिलाडेल्फियाला गेली. मग देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षानं अर्थमंत्री ऑलिव्हर वोल्कॉट यांना कामाला लावलं. सप्टेंबरच्या त्या पत्रात मुलीच्या कृतघ्नपणाबद्दल लिहिलं आहे, जिला नोकर म्हणून नव्हे, पोटच्या पोरीसारखी वाढवली. मी हे वाक्य लेकीला दोनदा वाचायला लावलं. मला वाटलं माझंच भाषांतर चुकतंय. शिवाय कोणा फ्रेंच माणसानं फूस लावली असेल, असाही त्यांचा संशय होता. पळाली म्हणजे कोणाच्या तरी नादी लागली, हेही ठरलेलंच.

वोल्कॉटनी पोर्ट्समथचा जकात अधिकारी जोसेफ व्हिपल याला लिहिलं. व्हिपलनं घरात मोलकरीण हवी असल्याचं निमित्त काढून ओनाला बोलावलं, आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की फ्रेंच माणूस वगैरे कोणी नाही, हिला फक्त मोकळं व्हायचंय. त्यानं तसं प्रामाणिकपणे वर कळवलं. तुमच्यामागं तिला मुक्त कराल असा शब्द दिलात तर ती परत यायला तयार आहे, हेही कळवलं. वॉशिंग्टननी नोव्हेंबरात उत्तर पाठवलं की असली तडजोड अजिबात मान्य नाही. गुलामांच्या मुक्ततेला माझा विरोध नसला तरी बेइमानीला बक्षीस दिलं तर जे इमानानं राहिलेत त्यांना काय वाटेल? मात्र तिला आणताना गर्दी जमून दंगा होणार असेल तर राहू द्या, अशी सूचनाही आहे. यातली एकच गोष्ट मला आवडते. ओनानं घासाघीस करून बघितली. नकार आल्यावर ती हललीच नाही.

एका खलाशाशी, जॅक स्टेन्सशी तिनं लग्न केलं. १७९९ मध्ये मार्थाचा भाचा बरवेल बॅसेट तिच्या दारात आला. नवरा समुद्रावर, कडेवर मूल. त्यानं समजावलं, ती म्हणाली मी आता मोकळी आहे आणि मोकळीच राहणार. जबरदस्तीनं न्यायचा बेत बॅसेट लँग्डन यांच्या घरी जेवताना बोलून गेला, आणि लँग्डननी गुपचूप निरोप धाडून तिला सावध केलं. ती मुलाला घेऊन ग्रीनलंड नावाच्या शेजारच्या गावात लपली. त्याच डिसेंबरात वॉशिंग्टन गेले. मृत्युपत्रात त्यांनी आपल्या मालकीच्या १२३ माणसांना मोकळं करायची तजवीज केली होती. ओना त्यांत नव्हती, कारण ती कस्टिस इस्टेटीची. कायद्यानं ती मरेपर्यंत पळालेली गुलामच राहिली, आणि आईच्या वळणावर जाणारी तिची तिन्ही मुलंसुद्धा.

सुखाचं म्हणावं असं पुढे थोडंच आहे. नवरा लवकर गेला, दोन्ही मुली तिच्याआधी गेल्या, शेवटी गावच्या मदतीवर जगायची वेळ आली. एलायझाला आहेर द्यायचा राहिला नाही. ओनाच्या जागी तिची धाकटी बहीण डेल्फी दिली. हे वाचल्यावर दोन दिवस मी पुढचं वाचलंच नाही. डेल्फीला पुढे टॉमस लॉनं मोकळं केलं हे कळल्यावर जरा बरं वाटलं, इतकंच. आणि वॉशिंग्टनचा आचारी हर्क्युलिस, त्या भिंतीवरचंच एक नाव, तो १७९७ च्या फेब्रुवारीत नेमका मालकाच्या वाढदिवशी पळाला. काही आठवड्यांनी माउंट व्हर्ननला आलेल्या पाहुण्याच्या नोकरानं त्याच्या लहानग्या मुलीला विचारलं, बाबा आता दिसायचे नाहीत, वाईट वाटत असेल ना? ती म्हणाली, छे, मला आनंद झालाय, ते आता मोकळे आहेत.

ओना सत्तरीत असताना दोन वर्तमानपत्रं तिच्यापर्यंत पोचली आणि तिच्या मुलाखती छापून आल्या. तिथं राहिली असतीस तर एवढे कष्ट पडले नसते, पस्तावा होत नाही का, असं तिला विचारलं गेलं. नाही, ती म्हणाली. ती वाचायलाही शिकली होती. २५ फेब्रुवारी १८४८ ला ती गेली. त्या मुलाखतींत तिनं एक नाव पहिल्यांदा उघड केलं होतं, 'नॅन्सी'चा कप्तान जॉन बोल्स. एवढी वर्षं तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं, पळालेल्या गुलामाला नेलं म्हणून त्याला शिक्षा होईल या भीतीनं. तो मेल्यावर मगच सांगितलं.

कप्तानाचं हे वाचलं त्या रात्री दहाला मी ताईला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसात, तिच्या पहिल्या चहाची वेळ. ओनाचं सगळं सांगितलं, बरंच तिला ऐकू आलं नसावं, मध्ये मध्ये हं हं करत होती. मग मी विचारलं, "ताई, आपली बाळे कुठं गेली असेल गं?"

"रहिमतपूरला," ताई म्हणाली. "तिची मावशी होती तिथं."

मला काही बोलायला सुचेना. चव्वेचाळीस वर्षं आमच्या घरात कोणालाही ठाऊक नसलेली गोष्ट ताईनं चहा ओतावा तशी सांगून टाकली.

"तुला कसं माहीत?"

"मीच बसवून दिली एस.टी.त. अकरा रुपये होते माझ्याकडे, राखीचे. आई होती तोवर बोलले नाही." कपबशीचा आवाज आला. "आणि ती स्लीपर तिनं नेली नव्हती गं. मी दिली. तिच्या पायात काहीच नव्हतं."